अकरावीला हॉर्टिकल्चर घेतलं, पण हे नियम बघा!

कुंडीतली तुळस | ५ सप्टेंबर, रात्री १०:२०

मंडळी, मुलगी इंदूरला अकरावीत आहे, सीबीएसई. पाचवा विषय हॉर्टिकल्चर घेतलाय (कोड ८१६, लेखी ६०, प्रात्यक्षिक ४०). गच्चीवर माझ्या पंधरा-वीस कुंड्या आहेत. त्यांना पाणी घालायचं म्हटलं की हिचं डोकं दुखतं, म्हणून हा विषय का घेतला ते मला कळेना. शेवटी बाईसाहेब खरं बोलल्या: "आई, सोपा असतो. सगळ्यांना मार्क देतात."

या वर्षी नव्या मॅडम आल्यात. त्यांनी दोन पानी कागद घरी धाडलाय, 'वर्गातल्या अपेक्षा'. खाली पालकांची सही हवी. बंद बूट नसतील तर शेडनेटमध्ये (जाळीच्या मांडवात) प्रवेश नाही. मोबाइल दाराशी टोपलीत. सिकेटरवर (छाटणीच्या कात्र्यांवर) नंबर घातलेत, तास संपला की पुसून, तेल लावून टांगायची. एक जरी कमी भरलं तरी ते सापडेपर्यंत कोणी जायचं नाही. रोज वहीत तारीख, हवा, काय केलं, काय दिसलं. 'आज काही दिसलं नाही' असं लिहिलेलं चालणार नाही (!). नर्सरीतून आणलेलं रोप आपलं म्हणून दाखवलं तर शून्य. आणि हा नियम तर मी दोनदा वाचला: मेलेलं रोप फेकायचं नाही, मुळासकट टेबलावर आणायचं आणि का मेलं ते लिहायचं. रोप मेलं म्हणून गुण जात नाहीत, कारण न लिहिता फेकलं तर जातात.

काल चौदा नंबरचं सिकेटर हरवलं. पंचवीस मिनिटं वर्ग अडकून, बस गेली, मी राजेंद्रनगरहून स्कूटर घेऊन पावसात. वर दिवाळीच्या सुट्टीत पाणी घालायच्या पाळ्या लावल्यात, हिची आली भाऊबीजेला. माझं माहेर नाशिकचं, तिकीटं काढून झालीत.

हा विषय झाडांचा आहे की पलटणीचा? सही करू की भेटायला जाऊ?

सराफ्यातला भुट्टा | ५ सप्टेंबर, रात्री १०:४१

क्या भिया, आमच्या वेळी कार्यानुभवाचा एक तास असायचा. त्यात आम्ही मास्तरांच्या घरची मेथी खुरपून द्यायचो. खुरपं पण घरूनच न्यायचं. अपेक्षा एकच, मेथी उपटायची नाही.

गणितमास्तर | ५ सप्टेंबर, रात्री ११:०५

मला हे अजिबात पटलेलं नाही. एकाने हरवलं आणि बत्तीस जण कोंडून ठेवले, ही सामूहिक शिक्षा झाली. अकरावीच्या मुलांचे क्लास असतात, बस असते. शिस्त लावायची तर ज्याचा नंबर त्याला थांबवा. आणि सुट्टी ही सुट्टी असते. शाळेत माळी नाही का?

रामबागचा भाऊ | ५ सप्टेंबर, रात्री ११:१८

मास्तर, माळी असतोच हो. पण मग परीक्षा पण माळ्याचीच घ्या ना, मी तेच सांगून राहिलो.

पेठेतला | ५ सप्टेंबर, रात्री ११:२२

'सांगून राहिलो' वाचून गहिवरून आलं. पुण्यात आम्ही नुसतं सांगतो.

रामबागचा भाऊ | ५ सप्टेंबर, रात्री ११:२५

पुण्यात तुम्ही पाटी लावता.

निशिगंध | ६ सप्टेंबर, सकाळी ७:५०

खंडवा रोडला माझी छोटी नर्सरी आहे, एकोणीस वर्षं झाली. तुळसताई, सिकेटर मोजल्याशिवाय मीही कुलूप लावत नाही. एकदा मोजलं नव्हतं. गवतात उघडं पडलेलं पातं आमच्याकडच्या एका बाईच्या तळपायात गेलं, चपलेतून आरपार. सहा टाके. त्या दिवसापासून माझ्याकडेही बंद बूट आणि टांगणी. मॅडमनी नंबर घातलेत, मी नेलपॉलिशचे ठिपके देते, बाकी सगळं तेच.

पुसायचं का, तेही सांगते. लिंबाच्या खैऱ्या रोगाच्या झाडावर चाललेलं पातं तसंच निरोगी झाडावर चालवलं, की रोग तुम्ही स्वतःच्या हाताने नेऊन दिला. आम्ही स्पिरिटचा बोळा फिरवतो, झाड बदललं की पुन्हा. तेल नसेल तर पातं गंजतं, गंजलेलं पातं फांदी कापत नाही, चेचतं. चेचलेलं टोक वाळत खाली येतं. मग लोक माझ्याकडे येऊन म्हणतात, "तुमचा गुलाब वाळला." ऑक्टोबरात गुलाब छाटाल तेव्हा बघा, बाहेरच्या अंगाला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो त्याच्या) जरा वर, तिरका काप, आणि काप काचेसारखा दिसला पाहिजे.

सही करून टाका.

गणितमास्तर | ६ सप्टेंबर, सकाळी ९:३०

सुरक्षेचा मुद्दा मान्य. बसचा मुद्दा कायम. तास संपायच्या दहा मिनिटं आधी मोजायला घ्या, म्हणजे शोधाशोध तासातच होईल. आणि हो, मला अजून कळलेलं नाही की या विषयात शिकायला नेमकं काय असतं. कुंडी, माती, पाणी. चाळीस गुणांचं प्रात्यक्षिक त्यात कुठून काढतात?

सराफ्यातला भुट्टा | ६ सप्टेंबर, सायंकाळी ६:१०

मास्तर, आज अनंत चतुर्दशी आहे. भांडण उद्यावर ठेवा, मी झांक्या (चित्ररथ) बघायला निघालो. जागा पकडायची तर आत्ताच गेलं पाहिजे.

देपालपूरकर | ७ सप्टेंबर, दुपारी १:१५

मी एमपी बोर्डाच्या शाळेत कृषी गट शिकवतो. आमच्याकडे विषयाचं नाव 'फसल उत्पादन एवं उद्यानशास्त्र'. मुलं शेतकऱ्यांची, कलम बांधायला माझ्यापेक्षा भारी. पण वही मात्र गाइडातून उतरवलेली.

तुळसताईंना जो नियम विचित्र वाटला, म्हणजे मेलेल्या रोपाचा, त्यावर लिहितो. दोन वर्षांपूर्वी आम्ही पपई लावली. आपली माळव्याची काळी माती, त्यात ऑगस्टची झड, वाफ्यात दोन दिवस पाणी साचलं. आठवड्यात रोपं बुंध्याशी मऊ पडून कोलमडली. एकूण एक मेली. वह्या तपासल्या तर चाळीसपैकी सदतीस वह्यांत एकच वाक्य: 'पानी की कमी से पौधा सूख गया.' म्हणजे जे पाण्यात बुडून मेलं ते तहानेनं मेलं म्हणून लिहून मोकळे! कारण गाइडात तसं होतं, आणि पानं लोंबलेली दिसली की कोणालाही तहानच वाटते. मूळ उपटून बघायचं कोणाच्या मनातच आलं नाही. मुळं काळी, वास मारत होता.

दोघांनी बरोबर लिहिलं होतं. तिसऱ्यानं लिहिलं होतं, "मेरी बारी थी, मामा की शादी में चला गया, नाली नहीं खोली." त्याला मी पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, ज्यानं काम केलं नाही त्यालाच पूर्ण कसे? म्हटलं, चर कुठे काढायचा होता हे वर्गात त्या एकालाच माहीत होतं.

या मॅडमनी हा नियम कागदावर लिहून सहीला पाठवला. मला इतकी हिंमत झाली नसती.

बडोदेकरीण | ७ सप्टेंबर, दुपारी ३:४०

देपालपूरकर, हे वाचून माझी शेवंती आठवली. तीन वर्षं पानंच पानं, फूल नाही. खत बदललं, माती बदलली, नवरा म्हणाला पत्रिका दाखवू. शेवटी कमाटीबागेतल्या एका जुन्या माळीकाकांना विचारलं. त्यांनी एवढंच विचारलं, "रात्रे लाइट क्यां छे?" गॅलरीसमोर रस्त्याचा दिवा होता! शेवंतीला लांब, अखंड अंधारी रात्र लागते, तेव्हा कळी धरते. दिव्यामुळे तिच्या लेखी उन्हाळा संपतच नव्हता. कुंड्या मागच्या अंगणात नेल्या आणि त्या थंडीत टोपलीभर फुलं.

तीन वर्षांत मी वहीत काय लिहिलं असतं? 'आज काही दिसलं नाही.'

काळीमाती | ८ सप्टेंबर, सकाळी ६:०५

उशिरा लिहितोय, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. मी इथल्याच कृषी महाविद्यालयातून निवृत्त.

आधी गणितमास्तरांना. आंबा दहा मीटरवर चौरस पद्धतीनं लावला तर हेक्टरी १०० झाडं. आम्रपाली ही जात बुटकी, अडीच मीटरवर बसते. तीच जागा, १६०० झाडं. पेरू तीन बाय दीडवर लावला की २२२२. आता प्रश्न तुमच्यासाठी: अंतर तेच ठेवून चौरसाऐवजी षट्कोनी मांडणी केली तर झाडं किती टक्के वाढतील? आमच्या तोंडी परीक्षेत हा हमखास असायचा.

आता माळव्यातल्या मुलांना ठाऊक असायला हवं ते. कंपोस्ट खताच्या ज्या पद्धतीला जगभर सेंद्रिय शेतीवाले 'इंदूर पद्धत' म्हणतात ती इथली. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली. काम मुख्यतः कापसाचं, पण नाव झालं कचऱ्याच्या खतानं. त्यांचे सहकारी यशवंत वाड. १९३१ साली या पद्धतीचं पुस्तक निघालं ते दोघांच्या नावानं. हॉवर्डचं नाव सगळे घेतात, वाडांचं इंदुरातली मराठी माणसंही घेत नाहीत, म्हणून मी मुद्दाम घेतो. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाला गांधीजी आले तेव्हा हे खत बघून गेले. आजचं महाविद्यालय त्याच आवारात आहे.

पद्धत थोडक्यात: पालापाचोळा, काडीकचरा, त्यावर शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, थोडी राख, पुन्हा पाचोळा, असे थर. कोरड्या दिवसांत उथळ खड्ड्यात, पावसाळ्यात मात्र जमिनीवर ढीग, कारण खड्ड्यात पाणी भरलं की कुजत नाही, सडतं. ढीग आतून तापतो, हात घालवत नाही. साधारण पंधरवड्यानं एकदा पालटायचा, महिन्यानं पुन्हा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. तीन महिन्यांत खत तयार.

हे सगळं सांगायचं कारण, तुळसताई: ज्या दिवशी सिकेटर हरवलं त्या दिवशी मुलं काय करत होती? ढीग रचत असतील तर शोधणं थांबवा. आमच्याकडे हरवलेलं प्रत्येक खुरपं पालटणीला सापडायचं. एकदा एका विद्यार्थ्याचं घड्याळ सापडलं होतं. बंद पडलेलं.

गणितमास्तर | ८ सप्टेंबर, सकाळी ८:२०

१५.४७ टक्के. ओळींमधलं अंतर ०.८६६ पट होतं, त्याचा व्यस्त घ्या. काका, हा प्रश्न मी उद्या बारावीच्या वर्गात विचारणार आहे, आंब्यासकट.

सराफ्यातला भुट्टा | ८ सप्टेंबर, सकाळी ८:३३

मास्तर फुटले.

कुंडीतली तुळस | ८ सप्टेंबर, रात्री ९:४५

काळीमातीकाका, तुम्ही अंतर्यामी आहात का? त्या दिवशी गणपतीचं निर्माल्य आणि छाटणीचा कचरा घालून ढीगच रचत होते. मुलीला सांगितलं, ती एकदम गप्प झाली. म्हणाली, "आता पालटायच्या आधी मॅडम कोणाला हात लावू देणार नाहीत."

आज मॅडमना भेटून आले. मला वाटलं होतं जाडजूड आवाजाच्या बाई असतील. अगदी बारीक आहेत, चिखलाचे बूट, तिशीच्या. बसचं बोलले. त्यांनी लगेच मान्य केलं, आता मोजणी तास संपायच्या आधी होणार (मास्तर, तुमची दहा मिनिटं वापरली). दिवाळीच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर होता. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्यांनी स्वतःचं नाव घातलंय. ते बघून मी नाशिकचा विषय काढायचा ठेवला होता तो काढलाच नाही. भाऊबीजेला आता भाऊच इकडे येतोय.

मग त्यांनी लेकीची वही दाखवली. १९ ऑगस्टची नोंद अशी: 'पाऊस. चिखल. मॅडम चिडल्या. टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा, कोणी पेन्सिलने काढल्यासारख्या.' मॅडम म्हणाल्या, ही नागअळी, आणि ती त्यांच्याही आधी हिला दिसली. घरी या मुलीला टेबलावरचं पाकीट दिसत नाही.

सही केली.

रामबागचा भाऊ | ८ सप्टेंबर, रात्री १०:०२

पुढे काय, हे पण सांगा कोणी तरी. शेजारच्यांचा मुलगा हाच विषय घेऊन राहिला, बाप म्हणतो माळी होशील.

देपालपूरकर | ९ सप्टेंबर, सकाळी ७:१०

बीएस्सी उद्यानिकीचं महाविद्यालय मंदसौरला आहे, ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाखाली. इंदूरचं कृषी महाविद्यालयही त्याच विद्यापीठाचं. राज्याची प्रवेश परीक्षा पीएटी. बाकीचे विषय कोणते लागतात ते बारावीच्या आधी बघून ठेवा, एवढंच. आणि बापाला एकदा आगर-शाजापूरकडच्या संत्र्याच्या बागा दाखवा, मग माळी कोण आणि मालक कोण ते विचारा.

बडोदेकरीण | ९ सप्टेंबर, सकाळी ११:२५

नाही तर सैलान्याला न्या, राजवाड्यातली निवडुंगाची बाग बघायला. आमचे हे तिथून आल्यापासून दर रविवारी एक काटेरी कुंडी आणतात. आता घरात चालायला जागा नाही.

कुंडीतली तुळस | १४ सप्टेंबर, रात्री ८:३०

तातडीचा प्रश्न! बाईसाहेबांनी आज माझ्या गच्चीवरच्या डाळिंबाच्या फांदीची साल गोलाकार सोलली. म्हणे गुटी कलम, फांदीवरच मुळं फुटवायची. बारा वर्षांचं झाड आहे हो ते, सासूबाईंनी लावलेलं. आता ते मरणार का?

निशिगंध | १४ सप्टेंबर, रात्री ८:४४

झाडाला काही होत नाही, फार तर ती एक फांदी जाईल. पेन्सिलीएवढी जाड फांदी आहे ना? इंचभर साल पूर्ण निघाली पाहिजे, आतला बुळबुळीत थरही खरवडून काढा, नाही तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. वर भिजवून पिळलेलं मॉस (वाळलेलं शेवाळ), त्यावर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट. पारदर्शक प्लास्टिक घ्या, मुळं दिसतात. दीड-दोन महिने. पावसाळ्याच्या सुरुवातीला केलं असतं तर जास्त बरं.

सासूबाईंना मात्र आधी सांगून ठेवा.

पेठेतला | १४ सप्टेंबर, रात्री ८:५०

सासूबाईंची गुटी कशी बांधतात तो वेगळा धागा काढा.

कुंडीतली तुळस | ४ ऑक्टोबर, सायंकाळी ७:१५

सापडलं!! आज दुसरी पालट होती. पहिल्या पालटीत काही मिळालं नव्हतं, काकांवरचा माझा विश्वास जरा डळमळलाच होता. आज ढिगाच्या तळाचं खत भरताना तगारीत (घमेल्यात) खणकन आवाज आला. लाल मुठीचा रंग उडून गुलाबी झालाय, स्प्रिंग गंजलीय.

आणि आता ऐका. चौदा नंबर हिचाच होता. महिनाभर मला सांगितलं नाही. मी शाळेच्या नावानं इथे बोंब मारत होते आणि कारण माझ्याच घरात पोहे खात होतं.

गणितमास्तर | ४ ऑक्टोबर, सायंकाळी ७:३१

म्हणजे 'ज्याचा नंबर त्याला थांबवा' हा माझा नियम लागू केला असता तर...

कुंडीतली तुळस | ४ ऑक्टोबर, सायंकाळी ७:३३

मास्तर, पुरे.

काळीमाती | ५ ऑक्टोबर, सकाळी ६:००

स्प्रिंग बदलून घ्या, पातं रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, मग घासा. पोलाद चांगलं असेल तर चालेल. खत कसं झालंय ते कोणी सांगितलंच नाही. रंग? वास?

कुंडीतली तुळस | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

काका, मुलगी म्हणते काळपट तपकिरी, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास, निर्माल्यातले दोरे मात्र तसेच. झेंडूच्या माळांतले नायलॉनचे. ते निवडत बसले होते तासभर.

निशिगंध | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

हे दोरे आणि नारळाच्या शेंड्या. दर वर्षी. आपल्या शहरात ओला-सुका वेगळा करायला सगळे शिकले, हाराचा दोरा काढायला कोणी शिकेना.

कुंडीतली तुळस | २५ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

भाऊबीजेचा वृत्तांत. सकाळी सातला मी, लेक आणि नाशिकहून आलेला भाऊ असे तिघं शाळेत. चौकीदारानं कुलूप उघडलं, आम्हाला फराळाचं विचारलं, आम्ही त्याला दिलं. शेडनेटमध्ये बावीस शेवंत्या, बहुतेकींना कळ्या. बडोदेकरीणबाई, मी लगेच वर बघितलं, दिवा नव्हता. लेक बोट मातीत खुपसून बघायची, कोरडं लागलं तरच झारी. मामाला तेवढंही करू दिलं नाही, कारण तो सँडल घालून आला होता. बिचारा दाराबाहेर उभा राहून करंज्या खात होता. मला झारी मिळाली, कारण मी बूट घातले होते.

काल तिची वही उघडून बघितली. २३ ऑक्टोबरच्या नोंदीत हवा, कळ्या, मावा कीड किती कुंड्यांवर ते सगळं आहे. खाली शेवटची ओळ: 'सहा नंबरच्या कुंडीला आईने न बघता दोनदा पाणी घातलं.'

रामबागचा भाऊ | २५ ऑक्टोबर, दुपारी १२:२२

तुळसताई, मॅडम बघतील तेव्हा सांगा काय शेरा येतो ते.

कुंडीतली तुळस | ३ नोव्हेंबर, रात्री ९:०५

आला शेरा. लाल शाईत, त्या ओळीखाली: 'का?'

देपालपूरकर | ३ नोव्हेंबर, रात्री ९:१२

आता लिहा कारण. गुण जातील.